भिंतीवरचा फलक आणि हातची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला भाषण करणे हे माझे काम नव्हे. दरवर्षी मी आतल्या खोलीत पातेल्याजवळ असते आणि भाषणे टाळ्यांच्या आवाजावरून ओळखते. पण यंदा कार्यकारिणीने बजावले की, "बचतीचा फलक तू लावलास, त्यावरून जे झाले तेही तूच सांग." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यात विद्वत्ता कोणी शोधू नये. जे हाताने केले, जे चुकले आणि त्यातून जे उमगले, तेवढेच सांगते.

आपल्या मंडळाचा बचत गट बावीस जणींचा. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोबलेखन. पहिल्या चार सूत्रांत आपण कधी मागे राहिलो नाही. पाचवे मात्र एकट्या कोषाध्यक्षबाईंच्या माथी. दर महिन्याच्या बैठकीत त्या खतावणी वाचून दाखवीत. वाचणारीचा घसा बसे आणि ऐकणारीच्या डोळ्यांवर झापड येई. कोणाचे किती येणे, गटात शिल्लक किती, कर्ज द्यायला पैसे उरले की नाही, हे विचारले तर उत्तर एकच : "वहीत आहे."

माझी भाची पुण्याला नोकरी करते. ती सुट्टीत आली असता हे गाऱ्हाणे तिच्यापुढे मांडले. ती म्हणाली, "आत्या, तुझ्या वहीचा डॅशबोर्ड करू. आणि तो करायला मी कशाला हवी? एआय मदतनीस जोडून देते, त्याला मराठीत सांग. तो करील."

डॅशबोर्ड हा शब्द मी मोटारीच्या संदर्भात ऐकला होता. भाचीने त्याची कूळकथा सांगितली. विलायतेत घोडागाडीच्या पुढच्या बाजूस एक फळी लावीत, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून. त्या फळीचे हे नाव. पुढे मोटारी आल्या, फळीचे नाव तेच राहिले, आणि तिच्यावर वेग व तेल दाखविणारे काटे बसले. आता संगणकाच्या पडद्यावर आकड्यांची चित्रे मांडतात, त्यालाही तेच नाव.

आकड्यांचे चित्र काढण्याची कल्पनाही आजची नव्हे. विल्यम प्लेफेअर नावाच्या गृहस्थाने १७८६ साली एका पुस्तकात व्यापाराचे आकडे उभ्याआडव्या रेघांनी आणि पट्ट्यांनी दाखविले. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५८ साली असेच चित्र छापून सरकारपुढे ठेवले. जखमांनी मेले त्यांच्याहून कितीतरी जास्त शिपाई टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे त्या चित्रात एका नजरेत कळत होते. रकानेच्या रकाने वाचायला कोणाला वेळ नसतो, पण रंग डोळ्यांत भरतो, हे त्या बाईने ओळखले होते. रंग डोळ्यांत भरतो, हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आता ही जोडणी म्हणजे काय ते सांगते. यात तीन वस्तू आहेत. पहिली आपली वही, म्हणजे खतावणीतले आकडे संगणकावरच्या तक्त्यात उतरवून घेतलेले. दुसरी, त्या आकड्यांपासून पट्ट्या, रेघा आणि गोल काढून फलक तयार करणारे साधन. अशी साधने पुष्कळ आहेत, ग्राफाना आणि पॉवर बीआय ही त्यांतली गाजलेली नावे. तिसरा तो मदतनीस, ज्याच्याशी आपण आपल्या भाषेत बोलतो.

हे तिघे वेगवेगळ्या घरचे. पूर्वी प्रत्येक मदतनिसाची प्रत्येक साधनाशी निराळी जोडणी करावी लागे. एका मिक्सरचा प्लग दुसऱ्या घरच्या सॉकेटात बसू नये, तसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक ठरावीक रीत जाहीर केली आणि ती सर्वांना मोकळी ठेवली. म्हणजे सगळ्यांनी एकाच मापाचा प्लग आणि एकाच मापाचे सॉकेट करावे. ग्राफानासारख्या साधनांनी आपल्या बाजूचे सॉकेट करून दिले. डिसेंबर २०२५ मध्ये ती रीत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या एका संस्थेकडे सोपविण्यात आली.

जोडणी झाली की साधन मदतनिसाला आपल्याकडच्या कामांची यादी देते : तक्ता पाहणे, ओळी निवडणे, बेरीज करणे, पट्टी काढणे. मी मराठीत विचारते, "या महिन्यात किती जणींनी बचत भरली?" मदतनीस त्या प्रश्नाचे रूपांतर तक्त्याला समजणाऱ्या भाषेत करतो. त्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. साधन ओळी मोजते, उत्तर परत देते, आणि मदतनीस ते मला मराठीत सांगतो. म्हणजे बेरीज करणारा एक आणि निरोप्या दुसरा. निरोप्याने आपल्या मनानेच आकडा सांगू नये, तो तक्त्यातूनच आणावा, यासाठीच ही सारी जोडणी.

यात किल्लीचा प्रश्न येतो. साधनाकडून अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक किल्ली मिळते. ती ज्याच्या हाती, त्याला दार उघडे. भाचीने ती किल्ली मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविली नाही, की मदतनिसाशी बोलतानाही कोठे लिहू दिली नाही. जोडणीच्या जागी तिने ती स्वतः बसविली. शिवाय मूळ तक्त्यावर तिने मदतनिसाला फक्त पाहण्याची परवानगी ठेवली, लिहिण्याची नाही. मी म्हटले, "अगं, त्यालाच लिहू दे की, माझे बोट वाचेल." ती म्हणाली, "आत्या, नवी कामवाली आली की पहिल्या दिवशी तिला तू कपाटाच्या किल्ल्या देतेस का? केर काढण्यापुरती खोली उघडतेस ना? तसेच हे." मी गप्प बसले.

एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ अशा सात महिन्यांच्या नोंदी तक्त्यात घातल्या. पहिल्या चार महिन्यांच्या मी खतावणी समोर ठेवून नीट उतरविल्या. पुढच्या तीन महिन्यांच्या नोंदी बैठकीतून घरी येता येता, भाजी निवडता निवडता, मोबाईलवरून केल्या. मग मदतनिसाला सांगितले, "गटाचा फलक कर. वर सभासदांची संख्या, मग एकूण बचत, एकूण परतफेड, आणि खाली प्रत्येकीचे नाव. जिचे पूर्ण भरलेले तिची पट्टी हिरवी, जिचे थकले तिची लाल." पाच मिनिटांत फलक तयार. एकूण जमा बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिली. रुपयाचाही फरक नाही! त्या रात्री मला समाधानाने झोप लागली.

नोव्हेंबरच्या बैठकीत सभागृहातल्या टीव्हीवर फलक लावला. सगळ्यांनी माना उंचावल्या. हिरव्या पट्ट्यांची रांगच रांग, आणि मध्ये एकच लाल. ती होती आपल्या कोपऱ्यावरच्या काकूंची. त्यांच्याच परवानगीने हे सांगते आहे. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

काकूंनी मार्चमध्ये गटातून बारा हजार रुपये घेतले होते. महिन्याला एक हजाराचा हप्ता, दोनशेची बचत, व्याज वेगळे. फलक सांगत होता : तीन महिन्यांचे हप्ते थकले, तीन महिन्यांची बचत थकली, एकूण तीन हजार सहाशे. काकू म्हणाल्या, "मी तर भरले आहेत." कोणीतरी मागून बोलले, "काकू, विसरला असाल. मशीन कशाला खोटे बोलेल?" त्यात वाईट हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्या शब्दांवर कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही. माझ्या कौतुकाचा दिवस होता ना! काकू चहा न घेता उठल्या.

त्यानंतर आठवडाभर त्या देवळात दिसल्या नाहीत. मला घरी काम सुचेना. शेवटी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाणी दिले, बस म्हणाल्या. मग आतून एक डबा आणला. त्यात दोऱ्याने बांधलेल्या पावत्या होत्या, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतच्या सात. एकेक माझ्यापुढे ठेवीत त्या म्हणाल्या, "बघ ग. सगळ्या तुझ्याच सहीच्या आहेत."

बायांनो, माझी सही मला त्या दिवशी वाचवेना.

घरी येऊन तक्ता उघडला आणि मदतनिसाला साधा प्रश्न विचारला, "सभासद किती? सगळ्यांची नावे सांग." त्याने ताबडतोब तेवीस नावे दिली. आपण बावीस! यादी वाचता वाचता उलगडा झाला. पहिल्या चार महिन्यांत मी खतावणीतले नाव लिहिले होते, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, बँकेत असते तसे. पुढच्या तीन महिन्यांत घाईघाईने लिहिले, "कोपऱ्यावरच्या काकू". मला ती एकच बाई. तक्त्याला त्या दोघी. पहिलीने चार महिने भरले आणि नंतर बंद केले, म्हणून लाल. दुसरी ऑगस्टपासून आलेली नवी सभासद, तिचे सगळे वेळेवर, म्हणून हिरवी. पैसे सगळे तक्त्यात होतेच, म्हणून एकूण बेरीज पासबुकाशी जुळली!

आपल्यात बाईला नावे किती असतात पाहा. माहेरचे एक, लग्नात तांदळात लिहिलेले दुसरे, मुलाच्या नावाने हाक मारतात ते तिसरे, गल्लीने ठेवलेले चौथे. आपण माणसे चेहऱ्याने ओळखतो, म्हणून आपला गोंधळ होत नाही. यंत्राला चेहरा नाही, अक्षरे तेवढी आहेत. एका अक्षराचा फरक पडला तरी त्याच्या लेखी माणूस बदलतो.

आणि खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. फलकाच्या डोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "सभासद २३". त्याच्यासमोर आपण बावीस जणी बसलो होतो. एकीनेही मोजले नाही. हिरवा-लाल रंग पाहिला आणि डोळ्यांनी बाकीचे काम सोडून दिले.

भाचीला फोन केला. म्हटले, "तुझ्या मदतनिसाने माझी अब्रू घेतली." ती म्हणाली, "आत्या, तू त्याला सभासदांची यादी कोठे दिली होतीस? त्याने नोंदींतली नावे मोजली. त्याच्या मनात शंका यायला हवी होती, हे खरे. पण तू विचारलेस तेव्हा तेवीस सांगितले ना? तू आधी विचारले नाहीस." रागाच्या भरात मी मदतनिसाला म्हटले होते, "हे सगळे दुरुस्त कर." त्याने सांगितले की, त्याला पाहण्यापुरतीच परवानगी आहे, आणि बदलायच्या तीन ओळी दाखविल्या. त्या क्षणी मला ते अडचणीचे वाटले. आता वाटते, बरे झाले. त्याने मुकाट्याने बदल केला असता तर चूक कोठे होती याची खूणही राहिली नसती, आणि लाल पट्टी हिरवी कशी झाली हे काकूंना कोणी समजावले असते? मी कोषाध्यक्षबाईंना बोलावले, खतावणी उघडली, पावत्या समोर ठेवल्या आणि तिन्ही ओळी हाताने बदलून शेजारी तारीख घातली.

डिसेंबरच्या बैठकीत त्याच टीव्हीसमोर उभी राहून मी काकूंची माफी मागितली. चूक चारचौघींत झाली, तेव्हा माफीही चारचौघींतच मागायला हवी. काकू म्हणाल्या, "माफी राहू दे. पुन्हा कोणाला असे लाल करू नका." त्या एका वाक्यावर आपण त्या दिवशी चार नियम ठरविले. इतर मंडळांच्या भगिनीही आज येथे आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून सांगते.

पहिला नियम. प्रत्येकीला एक सभासद क्रमांक, एक ते बावीस, आणि त्याची यादी वेगळी. नोंद क्रमांकाने करायची, हाकेच्या नावाने नाही. ज्या क्रमांकाची यादीत नोंद नाही, त्याची ओळ फलकाने मोजायची नाही, निराळी काढून दाखवायची.

दुसरा नियम. भिंतीवर गटाचे आकडे, माणसाचे नाही. एकूण बचत, एकूण कर्ज, शिल्लक, किती जणींचा हप्ता बाकी आहे ती संख्या, एवढेच सर्वांसमोर. कोणाचा, ते तिला आणि कोषाध्यक्षबाईंना ठाऊक असावे. एखादीचा हप्ता खरोखरच थकला, तरी त्यामागे दवाखाना असतो, नवऱ्याचे सुटलेले काम असते. पूर्वी कोषाध्यक्षबाई तिला जिन्यात बाजूला घेऊन हळूच विचारीत. ते हळूच विचारणे हासुद्धा आपल्या हिशोबाचा भाग होता, हे फलक लावताना मी विसरले.

तिसरा नियम. मदतनिसाला पाहण्यापुरतीच किल्ली, आणि तीही याच एका तक्त्याची. त्या तक्त्यात फोन नंबर नको, आधार क्रमांक नको, नावेही नकोत. आपण विचारतो तेव्हा आकडे आपल्या घरातून निघून दूरच्या कंपनीच्या संगणकापर्यंत जातात, हे विसरू नये. शेऱ्याच्या रकान्यातही जपून लिहावे. तेथे कोणी "ही ओळ धरू नये" असे सहज लिहिले, तर मदतनीस ते आपला हुकूम समजण्याचा संभव असतो.

चौथा नियम सर्वांत साधा. फलक दाखविण्यापूर्वी तीन गोष्टी हाताने मोजायच्या : माणसे किती, एकूण किती, आणि कोणतीही एक पावती उचलून ती फलकात कोठे गेली. एकूण जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही. डाळ-तांदळाचे वजन बरोबर भरले, तरी डाळ कोणाच्या डब्यात गेली ते पाहावेच लागते.

कोणी म्हणेल, एवढी यातायात, तर जुनी वही काय वाईट होती? नाही, मी फलक उतरवा असे म्हणत नाही. नियम लागल्यावर आपण खतावणीतून मागच्या दोन वर्षांच्या नोंदीही क्रमांकाने भरल्या. मग मी विचारले, "कर्ज कोणत्या महिन्यात जास्त मागितले जाते?" रेघ अशी निघाली की सगळ्या जणी पुढे सरकून पाहू लागल्या. दोन्ही वर्षी जूनमध्ये एक शिखर आणि दिवाळीच्या आधी दुसरे. जूनचे कारण प्रत्येकीच्या घरात होते : वह्या, गणवेश, फी. आणि दोन्ही वर्षी जूनमध्येच गटाची शिल्लक तळाला गेलेली. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी आपण काहींना नाही म्हणालो होतो. ज्यांना नाही म्हणालो, त्या कोणाकडे गेल्या असतील आणि किती व्याज मोजले असेल, ते सांगायला नको. म्हणून यंदा फेब्रुवारीपासून आपण दर महिन्याला काही रक्कम जूनसाठी बाजूला ठेवतो आहोत. हे वहीत नव्हते असे नाही. वहीतच होते. पण पानापानांवर विखुरलेले एकत्र दिसले ते फलकामुळे. त्यात कोणाचे नाव नव्हते, आणि तरी प्रत्येकीला आपले दुखणे दिसले.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. मदतनीस हुशार आहे, झटपट आहे, रात्री अकरालाही न कंटाळता उत्तर देतो. त्याला जोडून घ्यावे. भाषेची भीती नाही, शिक्षणाची अट नाही, मराठीत सरळ विचारावे. पण आपण लिहिले तेच तो वाचणार. कोपऱ्यावरच्या काकू कोण, हे त्याला ठाऊक नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. आणि जिला ठाऊक आहे तिने फलक पाहून गप्प बसू नये. "मशीन कशाला खोटे बोलेल" असे कोणी म्हणाले, तर त्याच वेळी उठून म्हणावे, "थांबा, वही आणा."

ते त्या दिवशी मी म्हटले नाही. काकू, आज म्हणते आहे.

कोषाध्यक्षबाईंची खतावणी अजून चालूच आहे, आणि दर महिन्याला आधी तीच उघडते. पावत्या दोऱ्यात बांधून ठेवण्याची काकूंची पद्धत आता बावीस जणींनी उचलली आहे. असो. आत चहा निवत असेल.